पोत्यावरचा मासा

(बेळगावजवळचं येळ्ळूर शिवार. पाऊस. वाकलेल्या पाठी.)

भाताची लावणी चाललीय. डोक्यावरून पाठीवर पोत्याची खोळ. पोतं खताचं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. कॅमेरा जवळ नेला तर त्यावर लाल कडेचा, टोकावर उभा चौकोन. आत एक वठलेलं झाड आणि उताणा पडलेला मासा. खाली इंग्रजीत कॉपर सल्फेट. म्हणजे आपलं मोरचूद.

(उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. रबरी हातमोज्यात निळे खडे.)

मोरचूद शेतकऱ्याच्या घरचंच. चुन्याच्या निवळीत मिसळलं की बोर्डो मिश्रण, द्राक्षावर आणि सुपारीवर फवारायचं. इथं मात्र ते प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या हौदात पडतं. यंत्राचा पार्ट आधी बफिंगला, म्हणजे घासून चकाकी आणायला जातो, मग त्याचं तेल काढतात, मग ॲसिड. एकेक थर चढवत तो या निळ्या पाण्यापर्यंत येतो. करंट सुरू झाला की लालसर झळाळी धरायला लागतो. बघा, कडेपासून आत कशी सरकतेय. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलंय. प्रत्येक हौदानंतर पार्ट धुतात, आणि ते धुण्याचं पाणीही निळसरच निघतं.

(पुन्हा पोतं. बोट माशावर.)

हा मासा आला कुठून? रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलांची जागतिक पद्धत संयुक्त राष्ट्रांनी 2003 साली पहिल्यांदा छापली. तिच्यात पाण्यातल्या जिवांसाठी वेगळी मोजपट्टी आहे. मासे 96 तास त्या पाण्यात ठेवायचे. डॅफ्निया नावाची पाण्यातली बारीक पिसू 48 तास. शेवाळाची वाढही पाहायची. लिटरला 1 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत निम्मे मासे मेले, तर रसायन पहिल्या, म्हणजे सगळ्यात घातक वर्गात. हजार लिटरच्या गच्चीवरच्या टाकीत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. युरोपच्या वर्गीकरणात मोरचूद याच वर्गात बसतं.

आपल्याकडचा हिशोब वेगळा, आणि त्याला कारणही तसंच. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळ झालं. 1986 ला पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली नोव्हेंबर 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम. रात्रीत माणसं गेली होती, तेव्हा नियम करणाऱ्यांनी माणूस डोळ्यांपुढे ठेवला. रसायन पेट घेतं का, स्फोट होतो का, पोटात, कातडीवर किंवा श्वासात गेलं तर किती मात्रेत प्रयोगातले प्राणी मरतात, हे निकष. पोटातून दिल्यावर निम्मे उंदीर मरायला किलोभर वजनामागे 5 मिलिग्रॅमपर्यंत लागलं तर अत्यंत विषारी, 50 पर्यंत अतिविषारी, 200 पर्यंत विषारी. मोरचुदाचा आकडा तीनशेच्या पुढचा. म्हणजे या पट्टीवर ते विषारीसुद्धा ठरत नाही. नियमांना 684 रसायनांची यादी जोडलेली आहे, पण निकषांत मासा कुठंच नाही.

(पाइपाचं तोंड. पाणी.)

मासा आपल्या कायद्यात येतो तो इथं, पाइपाच्या तोंडाशी. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत लिहिलंय की दुसरं पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात 96 तासांनंतर शंभरातले 90 मासे जगले पाहिजेत. त्याच मानकांत तांब्याला लिटरमागे 3 मिलिग्रॅमची मुभा. नाल्याचं पाणी मिळून ते पातळ होईल हे खरं. पण मार्चमधला नाला कुणी पाहिलाय?

म्हणजे पोतं गोदामात येतं तेव्हा उंदराला विचारायचं, आणि पाणी बाहेर पडलं की माशाला. आमच्या मते प्रश्न उलट्या जागी विचारलाय. गोदामाच्या दारातच मासा विचारला असता, तर रिकाम्या पोत्यांचं काय होतं हेही कुणीतरी विचारलं असतं.

(बळ्ळारी नाला, वडगावकडून.)

चढणीचे, म्हणजे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर येणारे मासे आता पूर्वीसारखे मिळत नाहीत, असं शिवारातली जुनी माणसं सांगतात. कारणं अनेक, शहराचं सांडपाणी त्यातलं पहिलं.

(पुन्हा लावणी. पाऊस उतरतोय.)

पोतं जाड आहे, आत पाणी येत नाही. शिवाय भंगारात स्वस्त मिळतं. माशाचं चित्र सगळ्यांनी पाहिलंय. ते कंपनीचं चिन्ह असेल, असा समज. दुपारी खोळ झटकून बांधावरच्या झुडपावर टाकली जाते.

(इथून शेवटापर्यंत निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.)