आधी खाण, मग रूळ

आत्ताच मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "खाणीच्या मॉडेल रेल्वेसाठी रुळांचा पहिला सेट कुठला घेऊ?" सध्या कुठलाच नको. तुमची खाण कुठे आहे, ते आधी ठरवा.

खाणवाल्यांनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, काही हौसेने निवडलं नव्हतं. रुळांतलं अंतर कमी केलं की वळण आवळता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो, हलके रूळ चालतात. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १९१४ साली टाकणखारासाठी, म्हणजे बोरॅक्ससाठी, तीन फुटी गेजची लाइन टाकली. रायन ते डेथ व्हॅली जंक्शन, जेमतेम वीस मैल. रायनला खाणींतून दोन फुटी 'बेबी गेज'च्या छोट्या गाड्या माल आणून कोठ्यांत ओतायच्या आणि खाली उभ्या असलेल्या वाघिणी त्यातून भरायच्या. वरून खाली, सगळं वजनाच्या जोरावर. १९३१ साली ती लाइन बंद पडली, पण टेबलभर मॉडेलला एवढा एक प्रसंग पुरतो.

मापाचं थोडक्यात सांगतो. नवख्याने ओएन३० हे मॉडेलचं माप घ्यावं, असं माझं मत; यातले तीस म्हणजे खऱ्या रुळांतलं तीस इंच अंतर. प्रमाण १:४८, रूळ मात्र एचओ या त्याहून लहान, नेहमीच्या मॉडेल-मापाचे, १६.५ मिलिमीटरचे. गुणाकार केला तर ७९२ मिलिमीटर होतात आणि तीस इंच म्हणजे ७६२. या फरकावरून वाद घालणारे भेटतील, घालू द्या. फक्त स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, नॅरोगेजचे घ्या. साध्या एचओ रुळाचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, त्यावर ही गाडी उपरी वाटते.

वाळवंट सोपं, झाडं करायला नकोत, असं बरेच जण समजतात. उलट तिथे लपायला जागाच नसते. खाणीच्या तोंडाशी टाकाऊ दगडांचा पंख्यासारखा पसरलेला ढीग असतो. तो डोंगराच्या पोटातून आलेला, म्हणून त्याचा रंग उन्हापावसाने विटलेल्या उतारापेक्षा वेगळा हवा. लाकूड तपकिरी रंगवू नका. कोरड्या उन्हात ते राखाडी होतं. स्पिरिटमध्ये काळ्या शाईचे दोन थेंब टाकून त्याचा एक हात दिला की झालं. आणि पाण्याची टाकीवाघीण विसरू नका. तिथे माल बाहेर जातो आणि पाणी आत येतं.

जमिनीला खरी माती वापरा. चहाच्या गाळणीने चाळा, पसरा, पाणी घातलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडा. गोंदात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर तो मातीवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो.

पण चाळल्यावर लगेच पसरू नका. माझं पहिलं इंजिन आठ दिवसांत कुरकुरायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी लव फुटलेली! वाळूतले लोहकण. ही त्याच वाळूची बशी आणि हा कागदात गुंडाळलेला चुंबक. तो एकदा वरून फिरवा, कागद सोडवून बघा आणि शेजाऱ्याकडे द्या.