शिंकान्सेनचा वेग नेमका कशात आहे

नमस्कार श्रोतेहो.

बुलेट ट्रेनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : ताशी किती? तीनशे म्हटलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. रेल्वेत काम करणाऱ्याचं मात्र होत नाही. सगळ्यात आवळ वळण किती त्रिज्येचं आहे, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात उभी राहते, आणि रात्री रूळ किती तास रिकामे मिळतात, हे त्याला कळायला हवं असतं. आज आपण त्याच्या बाजूने बोलू. उदाहरण घेऊ जपानच्या तोकाइदो शिंकान्सेनचं. शिंकान्सेन म्हणजे तिथली बुलेट ट्रेन. टोकियो ते शिन-ओसाका, 515 किलोमीटर, 1 ऑक्टोबर 1964 पासून चालू.

जपानची जुनी रेल्वे 1067 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालते, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम 67 मिलिमीटर जास्त. तिच्यावर हा वेग शक्यच नव्हता. म्हणून तेव्हाच्या जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी 1435 मिलिमीटरचा वेगळाच मार्ग बांधायला घेतला. एकही फाटक नाही. जागतिक बँकेने 8 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला आणि गाडी सुरू होण्याआधीच, 1963 मध्ये, दोघंही पदावरून गेले.

आता वळणाकडे येऊ. 1964 मध्ये गाडी ताशी 210 ने धावायची होती, त्या हिशोबाने 2500 मीटर त्रिज्येची वळणं चालणार होती. पण वळणावर बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 210 चे 270 केले तर वेग सव्वापटीहून थोडा जास्त होतो, पण हा जोर दीडपटीच्याही वर जातो. त्यावर उपाय म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच बसवतात. तोकाइदोवर ही उंची जास्तीत जास्त 200 मिलिमीटर आहे. त्याहून वाढवली तर वळणावर उभी राहिलेली गाडी आतल्या अंगाला नको इतकी कलते. त्यामुळे कित्येक वर्षं या वळणांवर गाड्यांना 255 पर्यंत वेग उतरवावा लागे. 2007 साली एन-700 ही गाडी आली. वळणावर तिच्या बाहेरच्या बाजूचे एअर स्प्रिंग थोडे फुगतात आणि डबा फक्त 1 अंश आत कलतो. तेवढ्यावर वळणातही 270 चा वेग टिकला. पुढे हा मार्ग 285 पर्यंत पोचला.

हीच गाडी शिन-ओसाकाच्या पलीकडे सान्यो मार्गावर गेली की 300 ने धावते. तिथली वळणं 4000 मीटर त्रिज्येची आहेत, कारण तो मार्ग 1972 पासून टप्प्याटप्प्याने उघडला आणि तोवर लोक शहाणे झाले होते. मोटरी त्याच, चाकं तीच. गाडी वीस वर्षांत बदलता येते. वळण बदलायचं म्हणजे जमिनी घ्या, घरं हलवा. तेव्हा कुठल्याही नव्या मार्गाची बातमी वाचलीत तर गाडीच्या फोटोपेक्षा वळणाच्या त्रिज्येचा आकडा शोधा.

वळण आणि वेग जुळले नाहीत तर काय होतं, ते स्पेनमध्ये दिसलं. 24 जुलै 2013 ला सांतियागो दे कोंपोस्तेलाजवळच्या अंग्रोइस इथे ताशी 80 च्या वळणावर गाडी 179 ने शिरली आणि उलटली. सुमारे 80 माणसं गेली. चालक फोनवर बोलत होता, हे खरं. पण वेगावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा त्या वळणापर्यंत पोचलेलीच नव्हती. वेगवान मार्गाचा शेवट आणि जुन्या वळणाची सुरुवात यांच्यामध्ये भिस्त होती ती फक्त एका माणसाच्या लक्षावर.

आता थांबण्याचा प्रश्न. ताशी 285 म्हणजे सेकंदाला 79 मीटर. 800 मीटरवरून दिसलेला सिग्नल दहा सेकंदांत मागे पडतो, आणि गाडीला थांबायला लागतात 3 ते 4 किलोमीटर. तेव्हा रुळाकडेला लाल-हिरवे दिवे लावून उपयोग नाही. शिंकान्सेनवर पहिल्या दिवसापासून हे दिवे नाहीत. परवानगी असलेला वेग रुळांमधून गाडीला कळतो आणि चालकापुढच्या फलकावर दिसतो. चालक त्याच्या वर गेला तर ब्रेक आपोआप लागतो. एवढा विश्वास या यंत्रणेवर आहे म्हणूनच गर्दीच्या तासाला टोकियोहून एका दिशेला 17 गाड्या सोडता येतात. त्यातल्या 12 सर्वांत जलद, म्हणजे नोझोमी.

ब्रेकचा जोर किती लावायचा हेही ठरलेलं असतं, कारण पोलादी चाक पोलादी रुळाला फार घट्ट धरत नाही, आणि पावसात, वाढत्या वेगात ही पकड आणखी कमी होते. जोरात ब्रेक मारला तर चाक घसरतं आणि एका जागी घासून सपाट होतं. म्हणून जोर सगळ्या गाडीभर वाटून द्यायचा. सोळा डब्यांच्या एन-700 मध्ये चौदा डब्यांना मोटरी आहेत, एकूण 56. वेग कमी करताना याच मोटरी उलट वीज तयार करून तारेत परत ढकलतात. पुढे जड इंजिन नसल्यामुळे एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, साधारण 11 टनच भार येतो. 1964 च्या गाडीत तो 16 टन होता. मऊ गाळाच्या जमिनीवर आणि मैलोगणती पुलांवर मार्ग उभा असेल तर हे पाच टन फार महत्त्वाचे.

मग भूकंप. भूकंपाची पहिली लाट जमिनीतून सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाने येते आणि फारसं हलवत नाही. तोडफोड करणारी दुसरी लाट तिच्यापेक्षा बरीच सावकाश येते. केंद्र शंभर किलोमीटरवर असेल तर दोन्हींत दहा-बारा सेकंद मिळतात. किनाऱ्यावरच्या भूकंपमापकाने पहिली लाट टिपली की ओव्हरहेड वायरची वीज तोडतात, आणि वीज गेली की गाडीचा आपत्कालीन ब्रेक आपोआप लागतो. दहा सेकंदांत गाडी उभी राहत नाही, पण वेग उतरायला लागलेला असतो. 11 मार्च 2011 च्या महाभूकंपात ईशान्य जपानमधल्या तोहोकू शिंकान्सेनची एकही प्रवासी गाडी रुळावरून उतरली नाही. सेंदाईजवळ चाचणीसाठी निघालेली एक रिकामी गाडी तेवढी घसरली.

पण केंद्र मार्गाच्या खालीच असेल तर? मग सवड मिळतच नाही. 23 ऑक्टोबर 2004 ला निइगाता भागात हेच झालं. ताशी सुमारे 200 ने चाललेली गाडी रुळावरून उतरली आणि दीड किलोमीटरहून जास्त घसरत गेली. सगळे प्रवासी वाचले. त्यानंतर उपायांचा भर बदलला. गाडी रुळावरून उतरली तरी बाजूला फेकली जाऊ नये म्हणून चाकांजवळ इंग्रजी एल आकाराचे आधार बसवले, आणि तोकाइदोवर रुळांच्या आतल्या बाजूने जादा पट्ट्या घालायला घेतल्या.

बर्फाचा त्रास मात्र अगदी क्षुल्लक वाटेल असा. तोकाइदोवरच्या सेकिगाहाराच्या पट्ट्यात हिवाळ्यात गाडीच्या पोटाला बर्फ चिकटतो. पुढे उबदार भागात त्याचे गठ्ठे सुटतात, खडीवर आदळतात, आणि उडालेली खडी काचांवर आणि खालच्या यंत्रांवर बसते. त्यावर इलाज म्हणजे रुळांकडेला पाण्याचे फवारे. ओला झालेला बर्फ उडत नाही. तरीही बर्फ जास्त पडला तर वेग उतरवायचा, त्याला पर्याय नाही.

बोगद्यांत अडचण हवेची. गाडी आत शिरताना हवा दाबली जाते, ती दाबाची लाट आवाजाच्या वेगाने पुढे जाते आणि दुसऱ्या तोंडाशी धडाम असा आवाज होतो. बोगदा लांब असेल आणि रुळांखाली खडीऐवजी काँक्रीटची लादी असेल तर लाट अधिकच धारदार होते. म्हणून 1997 च्या 500 मालिकेच्या गाडीला 15 मीटर लांब निमुळतं नाक दिलं. दिसायला इतकी देखणी गाडी दुसरी झाली नाही, असं माझं मत. पण नाकात जागा गेली, पुढच्या डब्याचं एक दार गेलं, किंमत चढली, आणि अशा नऊच गाड्या बांधल्या गेल्या. एन-700 ने साधारण पावणेअकरा मीटरच्या नाकावर तेच काम भागवलं.

आता रात्र. मध्यरात्री 12 ते सकाळी 6 शिंकान्सेनवर प्रवासी गाडी नसते. मुंबईकर श्रोत्यांना रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे; तिथे तो रोज रात्री असतो. रूळ घासणं, खडी चेपणं, तार बदलणं, सगळं या सहा तासांत उरकायचं. पहाटे एक तपासणी वाहन पूर्ण मार्गावरून जातं. कुणाचा पाना किंवा जॅक रुळावर राहिलेला नाही ना, एवढंच पाहायला. ते गेल्याशिवाय पहिली गाडी सुटत नाही. शिवाय साधारण दर दहा दिवसांनी डॉक्टर यलो ही पिवळी गाडी 270 च्या वेगाने धावत रूळ आणि तार मोजायची. तोकाइदो मार्ग चालवणाऱ्या कंपनीने आपली पिवळी गाडी जानेवारी 2025 मध्ये निवृत्त केली. आता कल आहे तो मोजमापाची उपकरणं प्रवासी गाड्यांवरच बसवण्याकडे.

याच पद्धतीचा 508 किलोमीटरचा मार्ग आपल्याकडे मुंबई आणि अहमदाबादच्या मध्ये बांधला जातोय. वेग 320 ठरलाय, आणि बीकेसी, ठाणे, विरार, बोईसर ही महाराष्ट्रातली चार स्थानकं. बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटर बोगदा, त्यातला 7 किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखाली. या मार्गासाठी 28 भूकंपमापकांची योजना आहे. 22 मार्गालगत, सहा दूरवर. त्या सहांतले चार महाराष्ट्रात : खेड, रत्नागिरी, लातूर आणि पांगरी. लातूरहून गाडी जाणार नाही. पण 1993 ला किल्लारी जिथे हादरली त्या बाजूची लाट ठाण्याला पोचण्याआधी तारेतली वीज तोडायची असेल, तर मापक लातूरलाच हवा.

नमस्कार.