भुताला उजेड लागतो

(ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय ‘हॅलोविनच्या निमित्ताने: भीतीची चित्रं, गोष्टी आणि चित्रपट’ असा लांबलचक छापलाय. माझ्यापुरता तो तीन शब्दांचा आहे. भुताला उजेड लागतो. आपण उगाच भुतांचा आणि अंधाराचा संबंध जोडतो. गच्च अंधारात काहीच दिसत नाही, त्यात भूतही आलं. घाबरायला थोडा उजेड हवा असतो आणि तो नको त्या ठिकाणाहून यावा लागतो: खालून, मागून, काचेवरून, कंदिलाच्या पोटातून. भीतीचा धंदा करणाऱ्यांनी गेली साडेतीनशे वर्षं उजेडाची जागा बदलायचाच उद्योग केलाय. आज मी ज्या गोष्टी बघायला सांगणार आहे, त्या सगळ्या मी याच एका निकषावर निवडल्या आहेत.

हॅलोविनचं आधी उरकून घेऊ. ३१ ऑक्टोबर, ख्रिस्ती सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडची, आजचं गिऱ्हाइकी रूप अमेरिकेचं. गोव्यात आणि वसईत २ नोव्हेंबरला लोक सिमेटरीत जातात, कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. तो दिवस आपल्या माणसांच्या आठवणीचा. मॉलमधल्या प्लास्टिकच्या भोपळ्यांशी त्याचा संबंध लावू नका.

हॅलोविनला भोपळ्यावर तोंड कोरून आत दिवा ठेवतात. तो भोपळा तरी कुठून आला? आयर्लंडमध्ये आधी सलगमचे कंद कोरायचे. गोष्ट अशी सांगतात की जॅक नावाच्या एका कंजूष, लबाड माणसानं सैतानालाच फसवलं. मेल्यावर त्याला स्वर्गात जागा नाही आणि नरकातही नाही. सैतानानं एक निखारा तेवढा दिला. तो पोखरलेल्या सलगमात घालून जॅक अजून भटकतोय. स्थलांतरित आयरिश अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मोठा आणि पोखरायला सोपा, म्हणून भोपळा. पण जुनं सलगम जास्त भयंकर होतं. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधल्या अशा एका कंदिलाचा प्लास्टरचा साचा आहे, त्याचा फोटो जरूर शोधा. भोपळा हसतो. हे सलगम चिमलेल्या कवटीसारखं दिसतं, डोळे आत गेलेले, तोंडात दोनचार दात. आत निखारा ठेवला की काय होत असेल याचा अंदाज येतो.

आपल्याकडेही हेच आहे, बरं का. कोकणात वेताळाची पालखी निघते म्हणतात ती दिवट्या घेऊन. आग्यावेताळ तर स्वतःच पेटलेला. अंधारात चाचपडत चालणारं भूत मी अजून ऐकलेलं नाही, प्रत्येकाची स्वतःची बत्ती असते.

आता मुद्द्याचं. १६५९ साली क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं कागदावर छोट्या छोट्या आकृत्या काढल्या. एक सांगाडा. तो आपलं डोकं उचलतो, हातात घेतो, परत बसवतो. शनीची कडी ओळखणारा हाच माणूस. ही चित्रं होती मॅजिक लँटर्नसाठी, म्हणजे काचेवरचं चित्र दिवा आणि भिंगातून भिंतीवर पाडणाऱ्या यंत्रासाठी. माणसानं चित्र फेकायचं यंत्र केलं आणि जवळजवळ पहिलं चित्र सुचलं ते सांगाड्याचं! पुढे त्याच्या वडिलांनी फ्रान्सच्या दरबारात दाखवायला असा एक कंदील मागितला, तेव्हा हायगेन्सला इतकी लाज वाटली की त्यानं भावाला कळवलं, एखादं भिंग काढून ठेव, म्हणजे चालायचाच नाही. घराण्याचं नाव या पोरखेळाला चिकटू नये, एवढीच त्याची इच्छा.

ज्याला लाज नव्हती असा माणूस यायला पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. एतिएन-गास्पार रोबेर, जन्म लिएजचा, धंद्याचं नाव रॉबर्टसन. १७९८ साली त्यानं पॅरिसमध्ये ‘फँटास्मागोरिया’चे खेळ सुरू केले आणि पुढच्या वर्षी मुक्काम हलवला तो कापुसिन जोगिणींच्या ओस पडलेल्या मठात. काळ बघा. फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेलेली, गिलोटिनखाली मुंडकी पडून चारपाच वर्षं झालेली. प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांच्या घरातलं कोणीतरी गेलेलं. त्यांना हा माणूस मठाच्या अंधाऱ्या वाटांनी आत नेतो, दिवे मालवतो आणि मेलेल्यांना बोलावतो. क्रांतीतले पुढारी झाँ-पॉल मारा आणि रोबेस्पिएर येतात, रक्ताळलेली जोगीण येते. काचेच्या वाद्याचा तो अंगावर शिरशिरी आणणारा सूर चालू असतो.

हे सगळं तो करायचा कसं ते सांगतो, कारण माझ्या मते सगळी कला तिथे आहे. पहिलं, कंदील प्रेक्षकांच्या मागे ठेवायचा नाही, पडद्याच्या मागे ठेवायचा. म्हणजे यंत्र दिसत नाही. दुसरं, काचेवर आकृती रंगवून भोवतालचा सगळा भाग काळ्या रंगानं भरून टाकायचा. साध्या कंदिलात चित्राभोवती उजेडाचं वर्तुळ दिसतं आणि लगेच कळतं की हे चित्र आहे. ते वर्तुळच गेलं की आकृती हवेत तरंगते. तिसरं म्हणजे कंदिलाला चाकं. कंदील पडद्यापासून मागे ओढला की चित्र मोठं होतं, प्रेक्षकाला वाटतं भूत अंगावर धावून येतंय. पण मागे ओढताना चित्र धूसर होतं आणि फिकंही पडतं. म्हणून ओढता ओढता भिंग सरकवायचं आणि उजेडाची झडपही उघडत जायची. तिन्ही एकाच वेळी, आवाज न करता. अंधारात. रोज रात्री. मला त्या भुतांपेक्षा चाकांना वंगण घालणाऱ्या गड्याचं कौतुक वाटतं.

एक किस्सा सांगतात. कोणीतरी सोळाव्या लुईला, म्हणजे क्रांतीत गिलोटिनखाली गेलेल्या राजाला, बोलवा म्हणाला. रॉबर्टसन म्हणाला, ती कृती होती माझ्याकडे, पण हरवली! हजरजबाबी माणूस, राजकारण सांभाळून होता. १८३७ साली गेला. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्याचं थडगं आहे, त्यावर उडते सांगाडे आणि घाबरून मागे सरकणारे प्रेक्षक कोरलेत. पॅरिसला जाणाऱ्यांनी आयफेलचा अर्धा तास कमी करून तिथे जावं.

हाच कंदील आपल्या कल्याणमध्ये आला. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. हातानं रंगवलेल्या काचा, एकाहून जास्त कंदील, हलणाऱ्या आकृती, सोबत निवेदन आणि गाणं. तिथे रामायण-महाभारत आणि सर्कस दाखवत. तंत्र तेच, पण पॅरिसला त्यातून मेलेले आले आणि कल्याणला देव आले. का, यावर मला एकच सुचतं. आपल्याकडे मेलेल्यांसाठी पितृपक्ष होता, त्यासाठी तिकीट काढायची गरज नव्हती. पटत नसेल तर सोडून द्या.

आता ही काच बघा. जुन्या फोटोफ्रेममधून काढलेली साधी काच आहे. मी ती टेबलावर तिरपी धरतो. काचेपलीकडे रिकामी खुर्ची. अलीकडे, तुम्हाला दिसू नये म्हणून पुठ्ठ्याच्या आड, ही गणपतीच्या मखरातली छोटी बाहुली. मधले दिवे जरा बंद करता का? आता बाहुलीवर मोबाइलची बत्ती टाकतो. दिसली खुर्चीत? मागच्या रांगेला दिसली? बत्ती बंद, बाहुली गेली. बत्ती चालू, आली. रात्री लोकलच्या खिडकीतून बाहेर बघताना तुमचाच चेहरा कळव्याच्या खाडीवर तरंगतो, ते हेच.

ही युक्ती रंगमंचावर आणायची कल्पना हेन्री डर्क्स या इंग्रज अभियंत्याची. ती कोणत्याही थिएटरात बसेल अशी सोपी केली जॉन हेन्री पेपर यांनी, आणि नाव झालं ‘पेपरचं भूत’. डर्क्स बिचारे राहिले बाजूला. २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये पहिला खेळ झाला, डिकन्सच्या एका भुताच्या कथेतला प्रवेश. इंग्रजांचा भुतांचा हंगाम तेव्हा नाताळचा होता, हेही जाता जाता लक्षात ठेवा. भूत झालेला नट रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात, झगझगीत उजेडात. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यात भलीमोठी तिरपी काच. गंमत अशी की रंगमंचावरच्या नटाला भूत दिसतच नाही. तो जमिनीवरच्या खुणा पाठ करून रिकाम्या हवेत तलवार चालवतो, आणि खड्ड्यातला नट उलट-सुलट दिशा सांभाळत वार चुकवतो. घाबरायचा अभिनय एकाचा, घाबरवायचा दुसऱ्याचा, आणि दोघांची गाठ फक्त प्रेक्षकाच्या डोळ्यात. डिस्नेलँडच्या भुताच्या वाड्यात आजही हीच काच वापरतात.

जपानकडे वळतो. तिथे भुतांचा हंगाम उन्हाळा. रात्री जमून शंभर भुताच्या गोष्टी सांगायच्या, प्रत्येक गोष्टीनंतर एक वात विझवायची, असा एक जुना खेळ होता. दिव्यांना निळा कागद लावत. शेवटची वात विझली की काहीतरी येणार. म्हणून बरेच जण नव्याण्णववर थांबत, हे मला फार आवडतं. होकुसाई या चित्रकारानं १८३१-३२ च्या सुमारास या खेळाच्या नावानं एक चित्रमालिका काढली. आज तिच्यातली पाचच चित्रं माहीत आहेत. त्यातलं ओइवाचं चित्र बघाच. ओइवा म्हणजे १८२५ च्या एका काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीतल्या, नाटकातली, नवऱ्यानं दगा दिलेली, विषानं चेहरा विद्रूप झालेली बायको. नाटकात ती जळत्या कागदी कंदिलातून बाहेर येते. होकुसाईनं पुढची पायरी गाठली, त्यानं कंदीलच ओइवा केला. कागद फाटलाय ते तिचं तोंड. कंदिलाच्या घड्या त्या कपाळावरच्या सुरकुत्या. केस वरून लोंबतायत. ज्या दिव्याच्या आधारानं तुम्ही बघताय तोच तुमच्याकडे बघतोय. सगळ्या मालिकेत मला याच चित्राशी जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

आता चित्रपट. यादी छोटी आहे, मुद्दाम.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’, १९२२. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला, म्हणून स्टोकरच्या पत्नीनं खटला भरला, १९२५ मध्ये न्यायालयानं प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. जिन्यावरून चढणारी सावली सगळ्यांना माहीत आहे. पण एक व्यावहारिक सूचना. त्यातली रात्रीची दृश्यं भर दिवसा चित्रित करून नंतर फिल्मला निळा रंग दिलेला होता. युट्यूबवर बऱ्याचदा नुसती काळीपांढरी प्रत मिळते, त्यात पिशाच्च टळटळीत उन्हात शवपेटी काखोटीला मारून चाललेलं दिसतं आणि लोक हसतात. रंग परत दिलेली प्रत शोधा. उन्हानं पिशाच्च मरतं ही कल्पनाही याच चित्रपटाची. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो.

‘द इनोसंट्स’, १९६१, दिग्दर्शक जॅक क्लेटन. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद पडद्याच्या कडा काळवंडाव्यात म्हणून हातानं रंगवलेले फिल्टर वापरले. रॉबर्टसनच्या काचेवरचा काळा रंग आठवा. तरी सर्वांत भीतीदायक भूत दिसतं ते दिवसा, तळ्यापलीकडच्या बोरूत उभी असलेली काळ्या कपड्यातली बाई. काही करत नाही, नुसती उभी.

जपानी दिग्दर्शक कोबायाशींचा ‘क्वाइदान’, १९६४. तीन तासांचा, चार गोष्टी. एका बैठकीत बघू नका, रोज एक बघा. बर्फातल्या बाईच्या गोष्टीत आकाश रंगवलेलं आहे आणि त्या आकाशाला डोळे आहेत. खोटं आहे हे लपवायचा प्रयत्नच नाही. आजच्या संगणकी भुतांना हे जमत नाही, ती खरी वाटायच्या धडपडीत दमून जातात. दर पाच मिनिटांनी दाणकन आवाज करणाऱ्या चित्रपटांबद्दल मी बोलणार नाही. मांजर अंगावर पडलं तरी माणूस दचकतो.

आणि ‘तुंबाड’, २०१८. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीवरून, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. हिंदीत असला तरी त्यातलं ओलं लाकूड, सोवळं, वाड्याची कुबट हवा आपली आहे. पाऊस सतत, ऊन जवळपास नाहीच. आणि उजेडाचं काम कुठे आहे? दोराला लोंबकळत विहिरीत उतरणारा माणूस, हातात कंदील, सोबत पिठाची बाहुली. कंदिलानं दिसतं तेवढंच जग. धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं घरात असतील तर याआधी एक-एक कथा वाचून घ्या, मोठ्यानं, कोणाला तरी ऐकवत.

बघताना खोलीतले सगळे दिवे मात्र घालवू नका. स्क्रीनच्या मागे कुठेतरी एक छोटा दिवा राहू द्या, डोळे कमी शिणतात. मोबाइलवर बघणार असाल तर ब्राइटनेस आपोआप बदलण्याची सोय बंद करा, नाहीतर ‘तुंबाड’मधला अर्धा वाडा दिसायचा नाही.

प्रश्न असतील तर विचारा. काच हाताळून बघायची असेल त्यांनी पुढे या, कडा घासलेल्या नाहीत, जपून धरा.