गिफ्ट : देणं, लग्न आणि विष

जर्मनीतल्या जुन्या औषधांच्या बाटल्यांवर कवटीच्या चित्राखाली एक शब्द दिसतो : गिफ्ट. अर्थ, विष. इंग्रजीतली भेटवस्तू आणि हे विष एकाच शब्दाची रूपं आहेत. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या एकाच कुळातल्या, म्हणजे जर्मानिक भाषांतल्या 'देणे' या धातूपासून हे नाम झालं. मूळ अर्थ एवढाच : दिलेली गोष्ट.

त्यात विष शिरलं ते वैद्यकातून. औषधाच्या मात्रेला ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणत, म्हणजे देणं. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि त्याच धर्तीवर जुन्या जर्मनमध्ये 'गिफ्ट' मात्रेसाठी आला. विषाचं नाव उघड घेण्यापेक्षा 'जे दिलं ते' म्हणणं सोपं. हळूहळू तेच विषाचं नाव झालं. आपला डोससुद्धा त्याच दोसिसचा. मात्र एक काळजी घ्यायला हवी : दोसिसचा धातू आपल्या संस्कृत 'दा' (देणे) या धातूशी सगोत्र आहे, गिफ्टचा नाही. दोन्हींचा अर्थ जुळतो, मूळ जुळत नाही.

जर्मनमध्ये जुना अर्थ 'मिटगिफ्ट'मध्ये टिकला. 'मिट' म्हणजे सोबत. मिटगिफ्ट म्हणजे मुलीसोबत दिलेलं आंदण. फरक लिंगातही दिसतो : आंदण स्त्रीलिंगी, 'डी मिटगिफ्ट', विष नपुंसकलिंगी, 'दास गिफ्ट'. भेटवस्तूला तिथे 'गेशेंक' म्हणतात.

स्वीडिशमध्ये गुंता सर्वांत मोठा. उच्चार 'यिफ्ट', आणि अर्थ दोन : विवाहित आणि विष. आपण मुलगी देतो म्हणतो, तसंच तिथे लग्नाचा अर्थ मुलगी देण्यातून आला. विषाचा अर्थ जर्मनकडून. ओळखायचं व्याकरणावरून. विवाहित हे विशेषण, विष हे नाम. 'एट' हे उपपद नामाआधीच लागतं, म्हणून 'एट यिफ्ट' म्हटलं की विषच. डचांनी शब्दच वेगळे केले : 'खिफ्ट' म्हणजे देणगी, विष म्हणजे 'खिफ' किंवा 'फरखिफ'.

जुन्या इंग्रजीतही हा शब्द 'यिफ्ट' असा उच्चारत आणि त्याचा अर्थ वधूमूल्य होता. आजचा 'ग' आणि भेटीचा अर्थ स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या भाषेतून आला. विषासाठी इंग्रजीने फ्रेंचमधून 'पॉयझन' घेतला. त्याचं लॅटिन मूळ 'पोतिओ', म्हणजे पेय.

मग जर्मानिक भाषांचा विषासाठीचा स्वतःचा शब्द कुठे गेला? जर्मनमध्ये तो 'आयटर' झाला, आज अर्थ पू. स्वीडिशमध्ये 'एटर' म्हणजे सापाचं विष. आणि नॉर्वेजियनमध्ये कोळ्याला आजही 'एडरकॉप' म्हणतात. त्यातला 'एडर' म्हणजे तेच जुनं विष.