संत्र्याची साल आणि फ्लास्कमधला वायू

(दृश्य: कळमना मार्केट, पहाट. संत्र्यांचे ढीग, साली हिरवट.)

ऑक्टोबरचं नागपूर. कळमन्यात आंबिया बहाराची पहिली संत्री उतरली आहेत. आत रस भरलाय, पण साल अजून हिरवीच. रात्री अजून गार पडत नाहीत, म्हणून सालीतलं हरितद्रव्य हटत नाही. ते हटवणारा वायू आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका फ्लास्कमध्ये तयार करता येतो. त्याचं नाव इथिलीन, पुस्तकात इथीन.

(दृश्य: प्रयोगशाळेचं टेबल. कडक काचेची नळी, खाली बर्नर.)

प्रयोगशाळेत असे तीन वायू बनवतात: मिथेन, इथीन आणि ॲसिटिलीन. आधी मिथेन. कोरडं सोडियम ॲसिटेट आणि सोडा लाइम, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि चुन्याचं मिश्रण, एकत्र खलून तापवायचं. ॲसिटेटमधला एक कार्बन कार्बोनेट होऊन नळीतच राहतो, दुसरा मिथेन होऊन बाहेर पडतो. नुसता कॉस्टिक सोडा का वापरत नाहीत? तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि तापला की काच खातो. सोडा लाइममधल्या चुन्यामुळे हे दोन्ही त्रास कमी होतात.

(दृश्य: गोल बुडाचा फ्लास्क, द्रवात बुडालेला थर्मामीटर.)

आता इथीन. तिन्ही वायूंमध्ये सगळ्यात जास्त शिकवून जातो तो हाच प्रयोग, असं मला मनापासून वाटतं. इथेनॉल गार ठेवून त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल हळूहळू मिसळायचं, मग तापवायचं. पारा 140 अंशांच्या आसपास रेंगाळला तर हाती येतं ईथर. 170 पर्यंत नेला, की अल्कोहोलमधून पाणी निघून जातं आणि इथीन मिळतं. रसायनं तीच, फरक फक्त तीस अंशांचा.

पण फ्लास्कमधलं मिश्रण काळं पडू लागतं. आम्ल थोडं अल्कोहोल जाळतं आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. इथीन ओळखायची परीक्षा अशी, की ते ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग घालवतं. पण सल्फर डायऑक्साइडही तो घालवतो. म्हणजे वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धुऊन घेतला नाही, तर परीक्षाच खोटी ठरते! आणि वायू पाण्याखाली गोळा करतो, म्हणून बर्नर बंद करण्याआधी नळी पाण्याबाहेर काढायचीच. नाहीतर फ्लास्क गार होताना पाणी उलटं ओढलं जातं आणि थेट गरम आम्लात पडतं.

(दृश्य: गॅस वेल्डिंगचं दुकान, ठिणग्या.)

ॲसिटिलीनला तापवावंही लागत नाही. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब सोडले की झालं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी 1862 मध्ये हे दाखवून दिलं. कार्बाइडचा तो लसणासारखा वास मुख्यतः फॉस्फीनच्या भेसळीचा. वायू मोरचुदाच्या द्रावणातून नेला की हा वास कमी होतो.

(दृश्य: तीन ज्योती शेजारी शेजारी.)

मिथेनची ज्योत निळसर, इथीनची पिवळट, ॲसिटिलीनची काजळी धरणारी. कार्बन वाढला की काजळीही वाढते: वजनाने कार्बन अनुक्रमे 75, 86 आणि 92 टक्के.

(दृश्य: बंद खोली, संत्र्यांचे क्रेट.)

कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात. इथिलीनला परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत. संत्र्याला तर त्याहून कितीतरी कमी पुरतं. सालीतलं हरितद्रव्य विरतं आणि खालचा केशरी रंग वर येतो. गोडी मात्र तेवढीच राहते, कारण झाडावरून तोडलेलं संत्रं आणखी गोड होत नाही.

(दृश्य: सोललेली दोन संत्री, एक हिरव्या सालीचं, एक केशरी.)

कळमन्यात हिरवट ढीग दिसला, तर आधी एक फोड चाखून बघा.