गाडी घेण्याआधी

नमस्कार मंडळी.

इटलीतल्या आपल्या यंदाच्या मेळाव्यात नवे चेहरे बरेच दिसताहेत. कुणी शिकायला आलंय, कुणी नोकरीसाठी बिऱ्हाड घेऊन. पहिला प्रश्न ठरलेला: गाडी कधी घ्यायची? मी म्हणेन, घाई करू नका. आधी इथली माणसं कशी ये-जा करतात ते नीट बघा.

इटालियन माणसाला गाडीचं वावडं आहे, असं मुळीच नाही. लोकसंख्येच्या मानाने गाड्या मोजल्या तर हा देश युरोपात अगदी वरच्या रांगेत आहे. तरी उत्तर इटलीतल्या फेर्रारात सकाळी रस्त्यावर या. सत्तरी ओलांडलेल्या आजी कोटाची बटणं लावून, पुढच्या टोपलीत भाजी ठेवून, ताठ बसून सायकल चालवताना दिसतील. सायकल जुनी, जड. कुलपाची साखळी मात्र दणकट, कारण सायकलचोर इथेही आहेत. पो नदीच्या खोऱ्यातलं हे गाव सपाट आहे आणि जुन्या शहराभोवतीचा तट सुमारे ९ किलोमीटरचा. एवढ्या अंतराला गाडी कोण काढणार?

बरं, काढली तरी गावाच्या जुन्या भागात नेता येत नाही. झेडटीएलची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची, पाटी दिसली की समजायचं, परवान्याशिवाय आत जायचं नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र घरी येतं. बोलोन्या शहरात तर २०२४ मध्ये बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर केली होती. तिथे चालणाऱ्याची चैन असते. शहरभर मिळून ६२ किलोमीटरच्या कमानदार ओसऱ्या आहेत, त्यामुळे पावसातही माणसं छत्री न उघडता बाजार करून येतात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. मला मात्र त्या रोजच्या वापरातल्या म्हणूनच मोलाच्या वाटतात.

बसचं तिकीट आधीच काढून ठेवा. 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात ते मिळतं. बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवा. शिक्का नसलेलं तिकीट खिशात असून नसल्यासारखंच.

दुचाकीचं म्हणाल, तर व्हेस्पा आपल्याला परकी नाही. पियाज्जो या इटालियन कंपनीने ती १९४६ मध्ये आणली आणि साठच्या दशकात बजाजने त्यांच्याच परवान्यावर आपल्याकडे बनवली. पियाज्जोचीच तीनचाकी आपे तर बारामतीच्या कारखान्यातूनही बाहेर पडते. इथल्या डोंगरी गावांत, जिथे मोटार वळत नाही अशा बोळांतून, शेतकरी आपेमध्ये द्राक्षांचे क्रेट भरून नेताना दिसला की मला फार आपलेपणा वाटतो.

आता रेल्वे-बसच्या संपाचं. तारीख आधी जाहीर होते, ती बघत जा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकलगाड्या चालवाव्याच लागतात. परीक्षा किंवा विमान असेल तर सकाळच्या वेळेतली गाडी धरा. शहरातल्या बसच्या वेळा गावागणिक वेगळ्या असतात, त्या थांब्यावर विचारून घ्या. थांब्यावरच्या आजी नीट सांगतात.