रात्री दात खाणारी मुले

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि तापीकाठच्या गावांत अख्खे घर अंथरुणासह धाब्यावर झोपायला येते. चोपडा तालुक्यातल्या या घरी मध्यरात्र उलटली की सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडातून, रिकामे जाते फिरवावे तशी करकर ऐकू येते. काही क्षण चालते, थांबते, पुन्हा सुरू होते. मुलगा मात्र झोपेतच असतो. शेजारच्या खाटेवरून आजीचे निदान येते, “पोऱ्या दात खास, पोटमा जंत शेतस.”

हा समज महाराष्ट्रभर आहे. मात्र जंतांमुळेच मुले दात खातात, हे सिद्ध झालेले नाही. अंगणवाडीत आणि शाळेत २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती मातीतून होणाऱ्या कृमींमुळे रक्तक्षय व कुपोषण होऊ नये म्हणून. ती मुलाने घ्यावीच. तिने करकर थांबेल, अशी आशा मात्र धरू नये.

वैद्यकशास्त्र याला ब्रुक्सिझम म्हणते. झोप क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू लयीत आवळले जातात. मनावरचा ताण, घराण्यातली प्रवृत्ती, काही औषधे अशा अनेक गोष्टींशी याचा संबंध आढळतो. एकच एक कारण दाखवता येत नाही. वाढत्या वयात बहुतेक मुलांची ही सवय आपोआप सुटते.

सकाळी आई मोबाइलच्या उजेडात त्याचे तोंड पाहते. दुधाचे सुळे टोकाशी सपाट झाले आहेत आणि मागे, हिरडीतून, पहिली कायमची दाढ डोकावते आहे. झिजलेले दुधाचे दात पुढे पडणारच असतात, त्यामुळे दंतवैद्य अनेकदा केवळ लक्ष ठेवायला सांगतात. जबडा वाढत असल्याने मोठ्यांसारखी दातांवरची पट्टी लहान मुलांना सहसा देत नाहीत. मात्र मूल घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का, हे ते आवर्जून विचारतात, कारण वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी श्वास अडवत असतील, तर मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेच न्यावे लागते. आजीच्या निदानात हा प्रश्न राहून गेला होता.

रात्री दात का खात होतास, असे विचारल्यावर भाकरीचा तुकडा मोडत मुलगा म्हणतो, “मी काहीच खादं नही.”